पळसाच्या सुया

सुई वाकली, पण मोडली नाही. संघमित्रा तायडेने चिमट्यात तिचं एक टोक धरलं, दुसऱ्या टोकाला तारेने हळूच रेटलं, तेव्हा केसाएवढी बारीक, केशरी स्फटिकाची ती सुई वाकून अर्धगोल झाली आणि तार काढताच पुन्हा सरळ. स्फटिक असं वागत नसतात. खडीसाखर घ्या, तुरटी घ्या, वाकवायला गेलात की कडकन तुकडा पडतो. मित्राने पुन्हा वाकवून पाहिली. मग ती ओरडलीच, आणि शेजारच्या टेबलावर काचसामान धूत उभी असलेली तिची मैत्रीण तस्नीम फेसाळ हातांनी धावत आली.

"काय झालं वं? भाजलं का?"

"नाई वं. त्रिकाल चुकला!"

पूर्णा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात हे वाक्य कित्येक वर्षांत कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. त्रिकाल म्हणजे माणूस नव्हे, यंत्र. जगात आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्या अभिक्रिया त्याच्या पोटात होत्या. कुठले पदार्थ, किती तापमान, कुठला द्रव, एवढं सांगितलं की काय तयार होईल, कुठल्या रंगाचं आणि कसल्या घडणीचं होईल, हे तो कपातला चहा निवायच्या आत सांगायचा. आणि खरं सांगायचा, हीच तर पंचाईत होती. सुरुवातीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग वरच्या मंडळींच्या डोक्यात आलं, की जे उत्तर चहा निवायच्या आत मिळतं, त्यासाठी पोरांना वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत कशाला बसवायचं? तेव्हा नियम निघाला. पीएच.डी.ची जागा त्यालाच, जो त्रिकालचं उत्तर खोटं पाडून दाखवील, आणि तेही समितीसमोर, स्वतःच्या हाताने.

एके काळी विभागाच्या संकेतस्थळावरचं 'संशोधन संधी' हे पान लग्नाच्या यादीसारखं लांबलचक असे. औषधं, रंग, खतं, बॅटऱ्या, नाना विषय आणि त्यांचे नाना मार्गदर्शक. यंदा त्या पानावर एकच ओळ होती: जागा एक, प्रश्न उमेदवाराने आणावा. प्रश्न न सापडलेले एम.एस्सी. झालेले विद्यार्थी यंत्रशाळेत भरणीला लागत. भरणी म्हणजे यंत्राच्या हातांसाठी पुड्या डब्यांत भरून ठेवणं आणि रिकामे डबे धुणं. विचार यंत्राने करायचा, धुणं माणसाने. तस्नीमला शिलाँगच्या एका विद्यापीठात अशीच भरणीची नोकरी लागली होती आणि पुढच्याच आठवड्यात तिला निघायचं होतं.

मित्राला भरणी नको होती. तिला हौस होती ती स्वतःचा प्रश्न स्वतः विचारायची. मूर्तिजापूरजवळच्या तिच्या गावाबाहेर उन्हाळ्यात पळस पेटल्यासारखा फुलतो. त्या फुलांतल्या रंगद्रव्यात किंचित फेरफार करून तिने एक नवा पदार्थ केला होता. त्रिकालने सांगितलं होतं, याचे फिकट पिवळे, ठिसूळ खडे होतील. आणि झाल्या होत्या वाकणाऱ्या केशरी सुया.

डॉ. नीलकंठ देवळे, तिचे मार्गदर्शक, सूक्ष्मदर्शकाखाली ती सुई पुन्हा पुन्हा वाकवून पाहत राहिले. त्यांची दाढी पार छातीपर्यंत होती आणि त्या दाढीची एक ख्याती होती. रसायनाच्या लोकांत जुनी समजूत आहे, की ज्याला दाढी त्याच्या हाताला स्फटिक लवकर येतात. कारण अगदीच भाकड नाही. द्रावण थंड झालं तरी कधी कधी स्फटिक धरत नाहीत, रुसून बसतात. त्यांना सुरुवातीला एखादा कण लागतो, दुधाला विरजण लागतं तसा. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वावरलेल्या दाढीत सतराशे साठ पदार्थांचे कण अडकलेले असतात. त्यातला एखादा पडला, की काम होतं. म्हणून विभागात फ्लास्क रुसला की पोरं हाक मारत, "सर, दाढी!" आणि सर येऊन, फ्लास्कवर वाकून, दोन बोटांनी दाढी झटकत. निम्मी थट्टा, निम्मी श्रद्धा. नवीन विद्यार्थ्याचा पहिला स्फटिक तर दाढीशिवाय होतच नसे.

"मित्रा," शेवटी सर म्हणाले, "जागा तुझी. आता फक्त समितीला दाखवायचं." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले आणि चष्मा पुसत राहिले. त्यांच्या हाताखाली कुणाला जागा मिळून सात-आठ वर्षं लोटली होती, आणि निवृत्ती दारात उभी होती.

पुढचा आठवडा दोघी मैत्रिणींनी मिळून त्याच सुया पुन्हा पुन्हा केल्या. प्रत्येक वेळी केशरी, प्रत्येक वेळी वाकणाऱ्या. कृती तस्नीमला तोंडपाठ झाली. मग ती शिलाँगला गेली, आणि जाताना प्रयोगशाळेच्या दारामागे खुंटीवर टांगलेली आपली मरून शाल विसरून गेली. तस्नीम कुठूनही काहीतरी विसरल्याशिवाय निघत नसे.

समिती यायच्या दिवशी सकाळी देवळे सर उशिरा आले. आले ते हसतच. खिशातून त्यांनी घट्ट झाकणाची एक बाटली काढून मित्रापुढे नाचवली. बाटलीत फिकट पिवळे खडे होते.

"हे काय सर?"

"त्रिकालचं उत्तर. यंत्रशाळेत लावून ठेवलं होतं. कितीतरी दिवस घुसळत होतं बिचारं, काल जमलं त्याला. समितीपुढे एका बाजूला त्याचे खडे, एका बाजूला तुझ्या सुया. आंधळ्यालासुद्धा फरक कळेल."

"बाटली उघडली नाही ना तुम्ही?"

"इथे कशी उघडीन? तिकडेच भिंगाखाली पाहून घेतलं." आणि त्यांनी समाधानाने दाढीवरून हात फिरवला.

मित्राच्या मनात तेव्हा काहीही आलं नाही. यायला हवं होतं, असं पुढे तिला रोज वाटलं. पण त्या घटकेला तिला फक्त सरांची माया दिसली, आणि ती होतीही खरी.

समितीत तिघे होते. अध्यक्ष डॉ. सुलभा खेर, स्वभावाने करड्या पण न्यायी बाई, आणि त्यांच्याबरोबर दोन पाहुणे प्राध्यापक. मित्राने त्यांच्यासमोर तीन फ्लास्क लावले. गरम द्रावण हळूहळू निवू लागलं. एरवी एवढ्यात तळाशी पहिली केशरी रेघ दिसायची, पण आज दिसेना. एक पाहुणे घड्याळ बघून हसत म्हणाले, "देवळे, तुमची ती प्रसिद्ध दाढी कुठे गेली?"

सगळे हसले. आणि मित्राच म्हणाली, "सर, या ना."

सर आले. वाकले. दोन बोटांनी दाढी झटकली.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडलं. फ्लास्कमध्ये वरून खाली एक फिकट ढग उतरला आणि तळाशी पिठासारखा बसला. केशरी काहीच नव्हतं. मित्राने काडीने थोडं वर काढलं, चिमट्यात धरून दाबलं, आणि बारीकसा आवाज होऊन कणाचा चुरा झाला. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेच. तिसऱ्यात, जिथे सर वाकलेही नव्हते, तिथेही तेच.

"पुन्हा करते," मित्रा म्हणाली.

पुन्हा केलं. जेवणाची वेळ टळून गेली. पुन्हा खडेच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशातली गत. खेरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ बाळ, तुझे फोटो आहेत, नोंदी आहेत, मला सगळं दिसतंय. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण आम्हाला जे दिसलं तेच आम्ही लिहिणार. महिनाअखेरपर्यंत या जागेची मुदत आहे. जमलं तर कधीही बोलाव, मी एकटीसुद्धा येईन."

संध्याकाळपर्यंत त्रिकालने आपल्या पोटातल्या मित्राच्या जुन्या नोंदींपुढे एक शेरा मारून टाकला: निरीक्षणातील त्रुटी.

काय झालं ते समजायला फार हुशारी लागत नव्हती. एकाच पदार्थाचे रेणू दोन-तीन तऱ्हांनी रचता येतात. विटा त्याच, बांधकाम वेगळं. त्यातलं एक बांधकाम सगळ्यांत पक्कं असतं. पण ते आपणहून उभं राहायला फार अवघड असलं, तर जगात ते कधी झालेलंच नसतं, आणि रेणू बापडे सोप्या वाटेने जातात. मित्राच्या सुया ही ती सोपी वाट होती. त्रिकालला शेवट बरोबर माहीत होता, मधली वाट माहीत नव्हती. पण यंत्रशाळेत घुसळून घुसळून एकदा का तो पक्का खडा जन्माला आला, की त्याचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा विरजणाचं काम करतो. तो जिथे पोचला तिथे सुया होणं संपलं. असं पूर्वीही घडलेलं आहे. मोठमोठ्या औषधांची रूपं एका सकाळी नाहीशी झाली आणि मग त्या इमारतीत कुणाच्याही हातून परत आली नाहीत.

मित्राने हार मानली नाही, हे सांगायला हवं. प्रयोगशाळेची फरशी तिने स्वतः धुतली. नवं काचसामान आणलं. वनस्पतिशास्त्राच्या इमारतीत एक कोपरा मागून घेतला, तिथेही खडेच. कपाटातल्या बाटलीत जपून ठेवलेल्या जुन्या सुयासुद्धा दिवसागणिक फिकट होत गेल्या आणि एक दिवस हलवल्यावर त्यांचं पीठ झालं. तेव्हा ती एस.टी.त बसून गावी गेली, आईच्या स्वयंपाकघरात.

"हा गंज नवा हाय, याले कोणाचा हातबी लागला नाई," आई कोरं पातेलं पुढे करत म्हणाली. तिला लेकीचं शास्त्र कळत नव्हतं, पण लेकीचं तोंड कळत होतं. तिने चूल विझवली, दारं लावली, आणि लहान पोराला निजवल्यावर बसतात तशी भिंतीला टेकून गप्प बसून राहिली.

द्रावण निवलं. फिकट ढग उतरला.

"झालं काय वं माय?"

मित्रा आपल्या ओढणीकडे बघत होती. हीच ओढणी त्या दिवशी अंगावर होती. नंतर किती वेळा धुतली, तरी तीच. हीच पिशवी, हेच केस, हीच नखं. तिला एकदम उमगलं. खोली बिघडली नव्हती. ती जाईल ती खोली बिघडत होती.

"आई, मीच विरजण झाली," ती म्हणाली आणि रडली. आईला त्यातलं काही समजलं नाही, तिने नुसतं जवळ घेतलं.

परतल्यावर विभागाच्या फाटकाशी तिला एक अनोळखी म्हातारा दिसला. हनुवटी बारीक, गाल पांढरेफटक, कडेला वस्तऱ्याचे दोन ओरखडे. ती पुढे गेली असती, पण त्याने हाक मारली. "मित्रा."

ते देवळे सर होते. दाढीशिवाय.

त्यांचा हात सवयीने छातीपर्यंत गेला आणि तिथे काही नाही हे कळून खाली आला. "चाळीस वर्षांची होती," ते म्हणाले. "आधी काढली असती तर..."

"सर, मीच बोलावलं तुम्हाला."

"मी ती बाटली आणायला नको होती."

"तुम्ही माझ्यासाठीच आणली."

कुणी लबाडी केली असती, कुणी वैर साधलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. इथे रागवायचं तर कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. मग सर हळूहळू घरी गेले. बोडक्या हनुवटीने ते फार लहान दिसत होते.

त्याच दुपारी तस्नीमचा फोन आला. तिला सगळं कळलं होतं. "मित्रे, मी करून पाहू का इथं? कृती तर पाठच हाय मले. मी निघाली तेव्हा तो खडा जगात नव्हता."

बरोबर होतं. तस्नीमच्या अंगावर तो कण असूच शकत नव्हता. पळसाचा मूळ रंग कुठेही विकत मिळतो. शिलाँगची हवा कोरी होती. "कर वं! आजच कर," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या तोंडचं पाणी पळालं. "तस्नीम, पार्सल! तुही शाल मी मागच्या आठवड्यात धाडली. दारामागची. ती त्या दिवशी तिथंच टांगलेली होती."

"आज सकाळीच आलं. खाली चौकीदाराच्या टेबलावर हाय. थंडीच्या मारे आत्ता आणून उघडणारच होती मी."

"हात लावू नको. तुले माही शपथ. कोणाले तरी सांगून वसतिगृहाच्या बाहेर जाळायले लाव ते. तू जाऊ नको."

"शाल जाळू? दादीच्या हातची हाय वं ती."

"जाळ," मित्रा म्हणाली. तस्नीम म्हणाली, "बरं."

दोन दिवसांनी फोनवर एक चित्रफीत आली. चिमट्याचं टोक, एक केशरी सुई आणि मागून तस्नीमचा श्वास. सुई वाकली. सरळ झाली. मित्राने ती फीत किती वेळा पाहिली याला गणती नाही. प्रत्येक वेळी तिला आनंद झाला. त्रिकाल चुकला होता. ती खोटी नव्हती. पण नियम स्पष्ट होता: स्वतःच्या हाताने.

खेरबाईंनी वर पत्रं धाडली, त्या भांडल्याही. नियम बदलला नाही. त्याच नियमाने शिलाँगच्या समितीने तस्नीमला जागा देऊ केली.

"मी नाई घेत," तस्नीम फोनवर रडत होती. "तुहा प्रश्न हाय तो. तू ये इथं, दोघी करू. मी सांगते त्यायले."

"मी आली का तिथल्या सुया संपल्या."

"मग मी नाईच घेत."

"तू नाई घेतली तर कोणाचीच नाई होत. घे. वर्षभर आपण दोघी कशासाठी मेलो वं? घे म्हटलं ना." ती रागावून बोलली, कारण रागावली नसती तर तिला बोलताच आलं नसतं.

महिनाअखेर मुदत संपली. मित्रा यंत्रशाळेत भरणीला लागली. तिथे कसलंच सोवळं पाळायचं नव्हतं, कारण तो खडा तिथेच जन्मला होता. ती पुड्या भरी, डबे धुई, आणि मधूनमधून त्रिकाल तिला नम्रपणे सांगे की आज काय काय तयार होणार आहे. देवळे सर निवृत्त झाले. 'संशोधन संधी' या पानावर पुढच्या वर्षी ती एक ओळसुद्धा उरली नाही.

हिवाळ्यात तस्नीमच्या भावाचा निकाह होता, बाळापूरला. लहानपणापासून ठरलेलं होतं की मेंदी मित्रा काढणार. मित्रा गेली नाही. धोका किती होता? कदाचित काहीच नव्हता. त्रिकालला विचारलं असतं तर त्याने टक्केवारी सांगितली असती. तिने विचारलं नाही. नवरीसाठी काहीतरी पाठवावं असं वाटलं, तेही पाठवलं नाही. तिच्या हातून गेलेली कुठलीही वस्तू आता बाधलेली होती.

पण तस्नीमची परतीची गाडी अकोल्याहून होती, आणि मित्राला राहवलं नाही. ती पलीकडच्या फलाटावर जाऊन उभी राहिली. मध्ये रुळांच्या जोड्या. समोर तस्नीम बॅगेवर बसली होती. अंगावर नवी शाल, निळी. तिने वर पाहिलं, उठून उभी राहिली, आणि दोन्ही हात हलवले. मित्रानेही हलवले. मग फोन वाजला.

"रोडली वं तू."

"तूच जाडी झाली. शिलाँगचं मानवलं."

दोघी हसल्या. फोनवर हसणं ऐकू येत होतं आणि समोर हसताना दिसत होतं, तरी ती माणसं वेगळी वाटत होती. तस्नीम सांगत होती, सुया आता हाताएवढ्या लांब येतात, त्यांतून उजेड वाकवता येतो, गाईड म्हणतात हे फार मोठं निघेल. मित्रा विचारत होती, निववताना घाई तर करत नाहीस, तळाला धक्का तर लागत नाही. प्रश्न सगळे तिचेच होते, आणि उत्तरं सगळी तिकडे होती.

"मी येऊ का पुलावरून? लांबूनच," तस्नीम म्हणाली. "एकदा जवळून पाहते तुले फक्त."

फलाटाच्या टोकाला कसल्याशा जाहिरातीचा कापडी फलक टांगलेला होता. मित्रा त्याच्याकडे बघत होती.

"काय पाहतं?"

"वारा."

तस्नीमही तिकडे पाहू लागली. फलक फुगला होता. फुगीर बाजू तिच्या फलाटाकडे होती.

"माह्याकडून तुह्याकडं हाय," मित्रा म्हणाली.

तस्नीमने नकळत निळी शाल तोंडाभोवती ओढली, आणि आपण काय केलं हे लक्षात येताच घाबरून पुन्हा सोडली. मित्राने ते पाहिलं. तिला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, कारण आता निघता येत होतं.

"जपून जाय," ती म्हणाली. फोन बंद केला, ओढणी अंगाशी घट्ट गुंडाळली आणि गाडी यायच्या आधीच जिना उतरून बाहेर गेली.